तर काय कराल?

उरणच्या एका कंटेनर यार्डात ऑफिसची नोकरी मिळावी म्हणून मी लग्नानंतर इंग्रजीच्या क्लासला जायला लागले. एकदा बाईंनी पुढे घडू शकेल अशा गोष्टींवर पाच वाक्यं लिहायला सांगितली. अमुक झालं तर मी तमुक करीन, अशी. बाकीच्यांनी पाऊस, छत्री, परीक्षा लिहून मोकळं केलं. माझी वही कोरीच.

माझा नवरा ट्रेलर चालवतो. काही वाईट होईल असं आमच्या घरात बोलायची सोय नाही, कारण वास्तू तथास्तु म्हणते. तो चुकून “जातो” म्हणाला, तरी सासूबाई त्याला उंबऱ्याच्या आत घेऊन “येतो” म्हणायला लावतात. मग मी ते ‘तर’ कुणाच्या जिवावर लिहायचं? बाई वैतागल्या. मीही वैतागले. म्हटलं, “तुमच्या घरचं कुणी रस्त्यावर नसतं ना, म्हणून तुम्हाला सुचतं!”

पुढे यार्डात मुलाखत झाली. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, “ड्रायव्हरने फोन उचलला नाही, तर काय कराल?”

मी इंग्रजीतच म्हणाले, “पुन्हा लावीन.”

“तरीही नाही उचलला तर?”

“पुन्हा लावीन.”

“आणि तरीही?”

“पुन्हा लावीन, सर.”

साहेब हसले. म्हणाले, “इंग्रजी छान आहे. पाठ करून आलात वाटतं?”

मी मान हलवली. सकाळपासून मी नवऱ्याच्या फोनवर तेच करत होते.