दित्या मास्तरांची आंघोळ

होळीला काठी गावाला जायचं ठरलं ते एका खुर्चीवरून. रनाळ्याच्या शाळेत आमचे हे हेडमास्तर. नव्या दित्या मास्तरांसाठी ह्यांनी मोठ्या खटपटीनं खुर्ची मिळवली, आणि मास्तर तिच्यावर बसेनात. उभ्यानं, तेही अनवाणी शिकवायला लागले.

"खुर्चीला काय ढेकूण आहेत?" हे चिडले.

"नाही गुरुजी. मी पाळणीत आहे."

मास्तर विशीतले, सातपुड्यातल्या काठीचे भिल्ल. शिकायला सपाटीवर आले तेव्हा तापानं अंथरूण धरलं होतं. आईनं नवस केला, पोरगा उठला तर होळीत बुध्या होऊन नाचेल. बुध्या होणाऱ्यानं आधी काही दिवस खाटेखुर्चीवर बसायचं नाही, चपला घालायच्या नाहीत, आंघोळ करायची नाही, बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. ही पाळणी.

"तीन वर्षं होळीला घरी गेलो नाही," मास्तर म्हणाले. "गावात म्हणतात, दित्या आता कोटवाल्यांचा झाला, आपल्यातला राहिला नाही. पाळणी मोडली तर रांगेत उभंही करणार नाहीत."

मी म्हटलं, आम्हीही येतो. चाळिशी उलटली तरी सातपुडा मी फक्त गच्चीवरून, निळ्या रेघेसारखा पाहिला होता.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: तापीपर्यंत बैलगाडी करावी आणि नावेनं पलीकडे प्रकाशा गावी उतरावं. नावाडी एक आणा घेतो, गप्पा फुकट. आमच्या नावेत एका गुजर बाईंनी लेकीच्या लग्नाची नवी कोरी खाट चढवली होती. नाव त्या खाटेनंच भरली. बसायचं तर खाटेवरच. आम्ही बसलो. दित्या मास्तर उभे.

"मास्तर, बठी जा ना!" नावाडी ओरडला. "नाव डुली ऱ्हायनी!"

"नवी खाट शे भाऊ, चावत नही," बाईंनी जागा केली.

मास्तर कसनुसं हसले. मध्यावर नाव एका बाजूला कलली, मास्तर झुकले, आणि मी सवयीनं त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. मास्तरांनी माझा हात पाहिला, पाणी पाहिलं, आणि क्षणभराचाही विचार न करता पाणी पसंत केलं.

"घ्या! मास्तरनी आंघोळ करी लिधी!" नावाडी टाळ्या पिटू लागला.

मास्तर छातीभर पाण्यात टोपीसकट उभे. चेहरा रडवेला. स्पर्श टळला होता, पण आंघोळ झाली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माझ्या हातानं पुष्कळ गोष्टी बिघडवल्या आहेत, पण कुणाच्या आईचा नवस कधी बिघडवला नव्हता.

तळोद्याला धर्मशाळा बरी आहे. अक्कलकुव्यापर्यंत मोटार मिळाली. मास्तर तिच्या तळाशी उकिडवे बसून आले. पुढे पायी. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर घ्यावी. चढ संपला असं वाटतं तिथे तो सुरू होतो. हे दर वळणावर "आलंच का?" विचारायचे आणि मास्तर दर वळणावर "आलंच" म्हणायचे.

काठीला पोचल्याबरोबर मास्तरांनी झालेलं सगळं पुजाऱ्याला स्वतःहून सांगितलं. लगेच पाच-सहा म्हातारे मोहाच्या झाडाखाली जमले. ते भिल्लीत विचारत, मास्तर उत्तर देत, आणि आमच्यासाठी आपल्याच खटल्याचं मराठी करून सांगत.

"विचारतात, अंग चोळलं का. मी म्हटलं, नाही."

"छान," हे म्हणाले.

"विचारतात, तोंड धुतलं का." मास्तर थांबले. "डोळ्यांत पाणी गेलं होतं. एकदा हात फिरवला, तेही सांगितलं."

"अहो, हे कशाला सांगितलंत!" हे कळवळले. रोज सकाळी पोरांकडून 'खरे बोलावे' गिरवून घेणारा हा माणूस!

मग पुजाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. माझा हात लागला का? मी म्हटलं, "लावायला गेले होते. पण मास्तरांनी बुडणं पत्करलं."

मास्तरांनी मान खाली घालून भाषांतर केलं. एका म्हाताऱ्याला हसू फुटलं आणि सगळेच मांड्या थोपटायला लागले. निकाल असा: नदीनं दित्याला भिजवलं, दित्यानं आंघोळ केली नाही. शिवाय गावातली पोरं पाळणीत बायकांपासून चार हात लांब राहतात, पण त्यासाठी नदीत कुणी पडलेलं नाही. मास्तरांची आई इतका वेळ झाडामागे उभी होती. ती पुढे आली, माझ्या हातात मूठभर डाळ्या-गूळ ठेवला आणि मला आपल्याजवळ बसवून घेतलं.

पहाटे उंच बांबूची होळी पेटली. ढोल घुमले. अंगभर राखेचे, पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला वाळके दुधी आणि घुंगरं. बुध्यांची रांग खडखडत फिरू लागली. मी दित्या मास्तरांना शोधत होते. हा असेल, तो असेल. ह्यांनी एकाला हात केला, तो भलताच निघाला.

उजाडल्यावर एक बुध्या धापा टाकत आमच्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला.

"बाई, रांगेत मला ओळखलंत?"

मला फार वाईट वाटलं. "नाही हो मास्तर. शेवटपर्यंत नाही."

त्यावर त्यांनी अशी उडी मारली की कमरेचा एक दुधी सुटून ह्यांच्या पायावर पडला. "आई!" मास्तर ओरडत आईकडे पळाले. पुढचं भिल्लीत होतं, पण अर्थ कळायला भाषांतर लागलं नाही.

घरी येऊन आठवडा झाला. ह्यांचा अंगठा अजून सुजलेला आहे. शेजारणी विचारतात, इतक्या लांब जाऊन काय पाहिलंत? मी सांगते, आमच्या मास्तरांना पाहायला गेलो होतो, आणि ते काही दिसले नाहीत.