बीजगणिताची पुरवणी

दहावीच्या बोर्डाला माझ्या पुढच्या बाकावर ती होती. हजेरीत आमची आडनावं लागून, म्हणून बैठक क्रमांकही लागून. ती कोलशेतच्या कोळीवाड्यातली, मी नौपाड्यातली. तिच्या डब्यातली जवळ्याची चटणी मी वर्षभर घरी न सांगता खाल्ली. ती चव अजून मध्येच जिभेवर येते, आणि मग ती सगळीच आठवते.

बीजगणिताच्या पेपरला दहा मिनिटं उरली तेव्हा माझी दोन गणितं कोरी होती. मी पेन्सिलीने तिच्या पाठीला टोचलं. तिने मागे न बघता दोरा सोडून आपली पुरवणी माझ्याकडे सरकवली. "झटकन लिव गो."

मी उतरवत होते तोच घंटा झाली. पर्यवेक्षकांनी पुढून पेपर गोळा करत तिचा पेपर उचललासुद्धा. पुरवण्यांची संख्या तिने अजून वर लिहिलीच नव्हती, त्यामुळे त्यांना काही खटकलं नाही. मी बोलले असते तर दोघींवर कॉपीची केस झाली असती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भीती फक्त माझ्यापुरती होती. पुरवणीची घडी घालून मी ती कंपासपेटीत कोंबली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "घातलीस ना माज्या पेपरान?"

"हो. गठ्ठ्यात सरकवली, तुझ्याच पेपरात."

"हुशार गो माजी बाय!" म्हणत तिने माझ्या हातावर चिंचेची गोळी ठेवली.

निकालात ती गणितात सहा गुणांनी गेली. पुरवणीवरची गणितं आठ गुणांची होती. ऑक्टोबरचा फॉर्म भरूया, असं सांगायला मी तिच्या घरी गेले.

"नको गो. ती दोन गनितां बरोबर वाटलेली मना. तीच चुकली, म्हंजे माजा डोकाच नाय."

तेव्हाही मी तशीच परत आले. ती आईबरोबर बाजारात बसू लागली, मी कॉलेजात गेले.

परवा मासळीबाजारात दिसली. मला बघून तोंडभर हसली. धाकटीची दहावी आहे म्हणाली. "पोरीला गनित जमत नाय. माज्यावर गेली."

मी मान हलवली आणि बांगडे घेऊन घरी आले.

पुरवणी अजून माझ्या कपाटात आहे. ती घेऊन कोलशेतला जायचं ठरवलंय, पण माझा मलाच भरवसा नाही. म्हणून आधी इथे लिहिते.

दोन्ही गणितं बरोबर होती गो. पेपर झाला त्याच संध्याकाळी मी तपासली होती.