भंडारा आणि लॅपटॉपचा पंखा

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत, सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी, मांडवडहाळ्यांची मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली असताना बहिणीचा लॅपटॉप बंद पडला. गाव आण्याच्या पठारावरचं, आमचंच. पुढे देवळाच्या मांडवासाठी आंब्या-जांभळाच्या डहाळ्या लादलेल्या सहा बैलगाड्या होत्या. मागे ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत स्पीकरांची भिंत, आणि त्या भिंतीमागे बहिणीच्या टेबलावर लॅपटॉप आणि गाणी मिसळायचा कंट्रोलर. आधी स्क्रीन थिजली, एकच ठेका तीनदा वाजला, मग आवाज गेला. जनरेटर चालू होता.

लॅपटॉप पुन्हा सुरू व्हायचा आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा बंद पडायचा. असं चार वेळा झालं. बहिणीने मोबाईलवरून गाणी लावायचं ठरवलं, पण तिच्या नव्या मोबाईलला जुनी वायर बसत नव्हती. शेवटी बैलगाड्यांबरोबरचे दोन हलगीवाले पुढे झाले आणि मिरवणूक त्यांच्या हलगीवर देवळापर्यंत गेली. मी त्या वेळी तालुका वार्ताहर होतो. यात्रेच्या बातमीसाठी आणि घरचा म्हणून, अशा दोन्ही कारणांनी ट्रॉलीपासून पंधरा पावलांवर उभा होतो. बातमीत लॅपटॉपचा उल्लेख केला नाही.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष ट्रॉलीच्या फाळक्याला धरून उभे राहिले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात.

"तुझ्या बापाचा कर्णा पावसात भिजला तरी बोलायचा," ते बहिणीला म्हणाले. "ह्ये एवढं मोठं डबडं उन्हात गप बसलं."

"गरम झाला, तात्या."

"मग त्येला बी वाटीभर ताक पाजायचं व्हतं."

आजूबाजूचे हसले. बहीण वायरी गुंडाळत राहिली.

यात्रेचा आवाज आमच्या घरचा असायचा. वडिलांकडे, म्हणजे आप्पांकडे, दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि ट्रॅक्टरची बॅटरी होती. पठारावरच्या यात्रा, लग्नं, सभा त्यांनी त्यावर काढल्या. बहिणीने पुण्यात डीजेचं शिक्षण घेतलं, परत येऊन कर्ण्यांच्या जागी स्पीकर आणले आणि काम चालवायला घेतलं. हळदीच्या कार्यक्रमांना बायका मुद्दाम तिलाच बोलवायच्या. काम ठरवण्याला या धंद्यात सुपारी म्हणतात. वर्षातली मोठी सुपारी गावच्या यात्रेची. ती मोठी यासाठी, की त्या दिवशी आजूबाजूच्या गावांचे पाहुणे मिरवणुकीत असतात आणि आपल्या यात्रेला कुणाला सांगायचं हे तिथेच पाहून ठरवतात. घरच्या गावाने काढून टाकलेल्या डीजेला दुसरं गाव बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. पारगावच्या एका डीजेचं नाव पुढे आलं. बहीण देवळाच्या ओट्याखाली उभी राहून ऐकत होती. अध्यक्षांनी तिला वर बोलावलं आणि सांगितलं, की मार्गशीर्षात त्यांच्या पुतणीची हळद आहे, तिथे वाजवून दाखव.

"तितं बंद पडला तर मी पारगाववाल्याला सांगून टाकीन. मग माझ्याकडं यायचं नाय."

तिने हो म्हटलं.

लॅपटॉप का बंद पडला यावर गावात तीन मतं होती. जनरेटरचा दाब कमी-जास्त झाला, पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, आणि बाईमाणसाने ट्रॉलीवर चढायला नको होतं. तिसरं मत मांडणाऱ्याच्या घरची हळद दोन वर्षांपूर्वी बहिणीनेच वाजवली होती.

चार दिवसांनी मी लॅपटॉप मंचरला नेला. कॉम्प्युटरचं दुकान एका जैन कुटुंबाचं आहे. शेठच्या वडिलांचं त्याच जागी भुसाराचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत अजून तागडी टांगलेली आहे. शेठने स्वतः खालचं झाकण उघडलं. आतला पंखा पिवळा होता. पात्यांमध्ये भंडारा बसला होता. वंगण आणि दमट हवा लागून त्याची वडी झाली होती, आणि हवा बाहेर जायच्या जाळीवर तिचाच थर होता.

"भाऊ, ह्याचं लग्न लागलं काय? अंगभर हळद लागलीय."

पिठाच्या गिरणीतले आणि सिमेंटच्या गोदामातले लॅपटॉप त्यांच्याकडे येतात. हळदीने भरलेला हा पहिलाच, असं त्यांनी सांगितलं. यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं. पण अशा तापण्याने मुख्य बोर्डही गेला होता. तो बदलण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत पडलं. मी पंखा मागून घेतला. त्यांनी तो कागदात बांधून दिला.

भंडारा मिरवणुकीत उधळला जातोच. पण इतका, आणि नेमका जाळीत, का गेला, याचं उत्तर मला परतीच्या एसटीत सुचलं. यात्रेच्या सकाळी ट्रॉली निघण्यापूर्वी आप्पा यंत्रांची पूजा करतात. कर्ण्यांच्या काळापासूनची ती रीत. उदबत्ती, खोबऱ्याचा तुकडा, आणि मग मूठभर भंडारा यंत्रावर सोडायचा. अँप्लिफायर लोखंडी पेटीतला होता, त्याला काही झालं नाही. लॅपटॉपची जाळी कीबोर्डच्या वर, बिजागरीपाशी होती. गेली तीन वर्षं आप्पा भंडारा तिथेच सोडत होते, कारण तिथून गरम हवा येते आणि यंत्राचा जीव तिथे आहे, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं.

मी हे बहिणीला सांगितलं. आप्पांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. कागदाची पुडी मी खिडकीत ठेवली. संध्याकाळी आप्पांनी ती तंबाखूची समजून उघडली.

पंखा त्यांनी बोटाने फिरवून पाहिला. तो फिरला नाही. त्यांनी पिवळी वडी नखाने खरवडली, वास घेतला.

"माझाच हात हाय ह्यात," ते म्हणाले.

मग त्यांनी टोपी घातली आणि तात्याकडे जाऊन सांगून येतो म्हणाले. चूक माझी, पोरीची नाही. बहिणीने दारात त्यांना अडवलं.

"आप्पा, तुमी सांगितलं तर ते म्हणतील, देवाच्या भंडाऱ्यानं डीजे बंद पडला. एकदा का हे गावभर झालं, की मला कुणीच बोलवणार नाय. गरम झाला म्हणून सांगितलंय. तेच ऱ्हाऊ द्या."

आप्पा खाटेवर बसले. टोपी काढली नाही. त्या रात्री ते लवकर झोपले.

वैशाखातली लग्नं बहिणीने मैत्रिणीचा लॅपटॉप आणून काढली. आषाढात सुपाऱ्या नसतात, तेव्हा नवीन घेण्याचं काम सुरू झालं. बहिणीने ते माझ्याकडे दिलं. तू लोकांना विचारून लिहितोस, तर हेही चार ठिकाणी विचारून लिहून आण, एवढंच ती म्हणाली. मी वहीत लिहिलं.

तिच्या मनात जड गेमिंग लॅपटॉप होता. कारण असं, की त्या उन्हाळ्यात नारायणगावजवळच्या हायवेवरच्या एका हॉटेलने तिला शनिवारी त्यांच्या क्लबमध्ये वाजवायला विचारलं होतं. आता चालत्या गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढून खाली दुसराच ठेका घालता येतो. त्याला ताकदवान प्रोसेसर लागतो, आणि क्लबमध्ये हे करावंच लागेल अशी तिची समजूत होती. मी हॉटेलच्या मॅनेजरला भेटलो. त्याने टेबलावरची यंत्रं दाखवली. दोन प्लेअर, मधे मिक्सर, सगळं हॉटेलचं. बाहेरून येणारे बहुतेक जण फक्त पेन ड्राइव्ह आणतात, लॅपटॉप ठेवायला टेबलावर जागाही नाही, असं तो म्हणाला. गाणी मात्र घरी लॅपटॉपवर नीट लावून, प्रत्येकाचा वेग मोजून आणावी लागतात. ती झाली नसतील तर इथे काही करता येत नाही. गायकाचा आवाज काढायचा असेल तर तोही घरीच काढून आणावा.

त्यामुळे प्रश्न निम्मा झाला. क्लबसाठी साधं यंत्र चालणार होतं. जे काही लागणार होतं ते ट्रॉलीसाठी.

वहीतल्या बाकीच्या नोंदी ट्रॉलीवर काम करणाऱ्या पाच-सहा जणांच्या. पठारावर नेटवर्क नसतं, तेव्हा गाणी लॅपटॉपमध्येच हवीत, इंटरनेटवरची नकोत. फिरती हार्ड डिस्क ट्रॉलीच्या दणक्यांनी जाते, आतली डिस्क हलणाऱ्या भागांची नको. जनरेटर मधेच बंद झाला तरी बॅटरीवर लॅपटॉप आणि कंट्रोलर दोन्ही चालले पाहिजेत. काळी चकचकीत स्क्रीन उन्हात आरशासारखी दिसते. एकाने सांगितलं, की लॅपटॉप कोणताही घे, शेजारी गाण्यांनी भरलेला दुसरा स्वस्तातला ठेव. भंडाऱ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मीही विचारलं नाही.

मंचरला जायच्या दिवशी आप्पा न सांगता एसटीत येऊन बसले. दुकानात शेठने तीन लॅपटॉप मांडले आणि प्रत्येकाची माहिती सांगितली. कोर किती, मेमरी किती, स्क्रीन कशी. बहीण प्रश्न विचारत होती. आप्पा स्टुलावर बसून होते. शेठचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"ह्यात पंखा कशात नाय?"

शेठने तिन्हींकडे बोट केलं. तिन्हींत होता. मग आतून चौथा आणला, पातळ, खाली-वर कुठेही जाळी नसलेला. तो पंख्याशिवाय चालतो, पण फार राबवला तर तापतो आणि तापला की हळू होतो, बंद पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. शिवाय पोर्ट दोनच, तेही नव्या आकाराचे. कंट्रोलर आणि पेन ड्राइव्हसाठी वेगळा जोड लागणार.

"हळू चालंल, पण बंद नाय पडणार?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"नाही पडणार, बाबा."

बहिणीला गेमिंगचा हवा होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने दोन्ही हातांत घेऊन पाहिले. तिने पातळ घेतला.

ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही त्याची परीक्षा घेतली. ट्रॉली अंगणात उभी केली, स्पीकर लावले, लॅपटॉप उघड्यावर ठेवला. अकराला सुरू केला. दीडच्या सुमारास स्क्रीनवरची गाण्याची रेघ अडखळू लागली, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देत होती. आवाज तुटला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या वर सावलीला पांढरी चादर ताणली आणि लॅपटॉपखाली लाकडी पाट ठेवला. त्या दिवशी रेघ अडखळली नाही. जोड मात्र ट्रॉली हलली की सैल व्हायचा. बहिणीने तो पाटाला रबराने बांधला.

मार्गशीर्षात अध्यक्षांच्या पुतणीची हळद सकाळी दहाला सुरू झाली. नवरीला लावून उरलेली हळद बायकांनी एकमेकींना, मग बहिणीला आणि शेवटी कंट्रोलरच्या कडेला लावली. लॅपटॉपवर तिने स्वयंपाकघरातला पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणला होता. अध्यक्ष मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. दुपारी एकपर्यंत गाणं एकदाही थांबलं नाही. जेवणाची पंगत बसली तेव्हा ते टेबलाजवळ आले.

"ताक पाजलं का?"

"पाजलं, तात्या."

ते जेवायला गेले. यात्रेचं त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. फाल्गुनात निरोप पाठवला, की ट्रॉली आणा, पण पुढच्या वर्षाचं काम पक्कं करायची पानसुपारी यात्रा झाल्यावर.

चैत्री पौर्णिमेला सकाळी आठ वाजता आप्पा उदबत्ती आणि भंडाऱ्याची पिशवी घेऊन ट्रॉलीपाशी आले. स्पीकरांना, जनरेटरला, ट्रॅक्टरच्या बोनेटला त्यांनी भंडारा लावला. लॅपटॉपपाशी येऊन थांबले.

"ह्याला नगं ना?"

बहिणीने लॅपटॉप मिटला आणि झाकण त्यांच्याकडे केलं.

"इथं लावा. एकच बोट."

त्यांनी एक बोट लावलं, झाकणाच्या मधोमध.

मिरवणूक दहा वाजता निघाली. मारुतीच्या पारापाशी अकरा चाळीसला आली, तिथे लोकांनी भंडारा उधळला, लॅपटॉपवर ताणलेला प्लास्टिकचा कागद पिवळा झाला. एक वाजून पाच मिनिटांनी मिरवणूक देवळाशी पोचली. तोपर्यंत गाणं एकदाही थांबलं नाही. दोनच्या सुमारास देवळाच्या पायरीवर अध्यक्षांनी पुढच्या वर्षाची पानसुपारी बहिणीला दिली. सुपारी तिने लॅपटॉपच्या पिशवीत टाकली. पान आप्पांनी खाल्लं.