नंबरावरची चिकटपट्टी

आई गेल्यावर बाबा डोंबिवलीला माझ्याकडे राहायला आले ते एक पिशवी आणि बंदूक घेऊन. गावी रानडुकरं भाताची नासाडी करतात म्हणून परवाना काढून घेतलेली जुनी एकनळी. रोज संध्याकाळी ते ती कपाटातून काढायचे, मांडीवर घ्यायचे आणि लाकडी दस्त्यावर अंगठा फिरवत बसायचे. बोलणं जवळजवळ बंद, जेवण दोन घास. मला वाटलं, माणूस रानासाठी झुरतोय. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आई गेलीच होती, आता हेही हातचे जाणार असं दिसत होतं.

तेवढ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. शिकारीच्या बंदुकीवर पानापाचोळ्याची नक्षी घरच्या घरी कशी रंगवायची, असा. आपल्याकडे शिकारीला बंदी, आमची बंदूक शेतराखणीची. पण बुडत्याला काडीचा आधार. ठरवलं, बंदूक नवी करायची आणि म्हणायचं, चला बाबा, भात पोटरीला आलं की गावी जाऊ. ऑफिस सुटल्यावर नौपाड्यातून हिरव्या, खाकी आणि काळ्या रंगाचे स्प्रे आणले.

एका रविवारी बाबा दिवसभर कळव्याला आत्याकडे गेले. मी गॅलरीत बसून पॉलिश पेपरने दस्ता घासला. त्यावर एक तेलकट, काळपट लाल डाग होता, तो काही केल्या निघेना. त्याच्यापायी दोन कागद झिजवले, तेव्हा कुठे तो गेला. नळीवर नंबर कोरलेला होता. तो रंगाखाली गेला तर पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतील, म्हणून त्यावर नीट चिकटपट्टी लावली. मग कुंडीतल्या तगरीची पानं ठेवून रंग फवारला. छान झाली होती. मूर्खासारखा मी स्वतःवरच खूश होतो.

बाबांनी आल्यावर ती खिडकीपाशी नेली. "डुकराला रंग कुठे कळतो रे? त्याला वास येतो," म्हणाले. मग अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि थांबला.

"इथलं कुंकू?"

दर खंडेनवमीला आई दस्त्याला खोबरेल चोळून तिथेच अंगठ्याने कुंकू टेकवायची. वर्षानुवर्षांचं ते कुंकू लाकडात मुरलं होतं. मी लहानपणापासून ते बघत आलो होतो, आणि तरी घासलं.

त्यांनी नळी उजेडात धरली. "नंबर राखलास वाटतं."

"पोलिसांची कटकट नको म्हणून."

"बरं केलंस."

मी थिनर आणलं. आधी चिंधीने, मग नखांनी रंग खरवडत बसलो. खाली कोरं पांढरं लाकूड निघालं. तरी मी घासतच होतो, अजून खाली कुठेतरी लाल लागेल या वेड्या आशेने. शेवटी बाबा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझा हात धरला. "राहू दे आता. बोटं सोलतील."

बंदूक त्यांनी स्वतःच कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी खुर्चीत बसले. अंगठा मात्र मांडीवर, लुंगीच्या कापडावर फिरत होता.