पल्याडची सोयरीक

हरणांच्या लेंड्या गोळा करत हिंडलं, की लेंड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात!

आम्ही तिघं. सर, जीपवाले रफिकभाई आणि मी. लेंड्या लॅबला जातात आणि कोणतं हरीण कोणाच्या किती जवळच्या नात्यातलं, ते कळतं. मोठा रस्ता झाला, दोन्ही बाजूंनी कुंपण आलं आणि एका कळपाचे दोन झाले.

*

गवतात खसफसलं आणि मी किंचाळत जीपमध्ये! निघाला तितर.

रफिकभाई म्हणाले, "मॅडम, हरीण तुमाले पाहून पळत नाई. तुमीच पळता!"

*

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय, ताई?"

"लेंड्या," मी घाबरत म्हटलं.

"मंग आमच्या गावाले या ना. बकऱ्याइच्या ट्रॉलीभर देतो!"

*

कामरगावच्या सभेत मी समजावलं, की नात्यातल्या नात्यात जुळत राहिलं, तर पिढ्या कमजोर होतात.

मागून एक आजोबा उठले. "म्हंजे मामाची पोरगी करू नाई म्हन्ता?"

अख्खी सभा सरपंचांकडे वळली. शेजारीच त्यांच्या मिसेस, म्हणजे मामाची पोरगी! मला घाम फुटला.

त्या म्हणाल्या, "आमचं बेस चालू हाय, बाई. तू हरनाचं पाह्य!"

*

रिपोर्ट आला. सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "अलीकडचा कळप दिसायला मोठा. पण सगळी एकाच घरची."

"मग बाहेरची सोयरीक आना!" रफिकभाई.

"आणता येत नाही. पलीकडचा एखादा नर आपणहून यायला हवा."

त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

*

आणि एक दिवस इंझोरीहून फोन! रस्त्याच्या पुलाखालून एक नर इकडे आला होता. आला आणि विहिरीत पडला. पोरांनी दोर लावून, खाटेवर घालून जिवंत काढला.

रफिकभाईंनी जीप अशी हाणली, की मी डोळेच मिटले. मिटल्या डोळ्यांनी हसत होते.

विहिरीपाशी नुसती ओली खाट.

"कुठंय?" सरांनी विचारलं.

सगळे खुशीत. एक काकू पुढं आल्या. "लय भेलं होतं, सर. पायाले हयद लावली, टेम्पोत टाकलं अन् पल्याड सोडून आलो. त्याच्या घरच्याइपाशी."

सरांनी टोपी काढली. हात जोडले. "फार... फार चांगलं केलंत."

काकू लाजल्या. "घोर नका करू, सर. अजून एखादं चुकून इकडं आलं, तं त्यालेबी पोचवून देऊ!"