हळदीचा पहिला हात

"काडीमोड झालेल्या बाईनं हळदीला हात लावायचा न्हाय!" असं म्हणत नवरीच्या आत्यानं भर मांडवात नवरीच्या आईच्या हातातली वाटी ओढून घेतली. मी सवाष्णींत बसले होते. नवरीच्या आईला मी पहिल्यांदाच बघत होते. निरवांगीहून एकटीच आलेली. ती मागं सरली नाही.

नवरी पाटावरून उठली. "आत्या, पहिला हात आईचा. न्हायतर हळदच न्हाय."

आत्यानं वाटी परत दिली.

बाई लेकीवरच खेकसली, "बस खाली! हळदीच्या पाटावरनं उठू न्हाय, शिकवलं न्हाय व्हय कुणी?"

मांडव हसला. आत्या हसली नाही. बाईनं पायापासून कपाळापर्यंत लेकीला पिवळीधमक केली.

काडीमोडानंतर लेक बापाकडं वाढली. तिच्याविना एवढी वर्षं या बाईनं काढली होती.