उलट्या ओळींचा नकाशा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते जालन्यात मस्तगडला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईंचे. आई-वडिलांनी मला शिकायला पाठवलं, त्याची परतफेड होणार नाही. पण आमच्या घरात मी पहिलाच पदवीधर, त्यामुळे पदवी घेतल्यावर तिचं करायचं काय हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. ते बाईंनी सांगितलं. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे, मीही तेच म्हणत आलो.

मी मूळचा अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातला. शाळा अंबडला झाली, संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. जालन्यात. नोकरीला टायपिंग लागतं म्हणून बाईंच्या क्लासात गेलो. तेव्हा टायपरायटरचे दिवस संपत आले होते आणि बाईंनी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला होता. त्यांचा भाचा पुण्याला कॉलेजात होता. त्यानं एका सुट्टीत एक सीडी आणली. तिच्यात आर नावाची कॉम्प्युटरची भाषा होती. आकडेवारीचं विश्लेषण करायचं, आलेख काढायचे, आणि पैसे काही नाहीत. बाई म्हणाल्या, "हे तुझ्या विषयाचं दिसून राह्यलंय. बस इथं. क्लास सुटल्यावर मशीन तुझंच."

आरमध्ये बटणं नव्हती. एकेक ओळ टाइप करायची आणि चुकलं की ते इंग्रजीत तक्रार करायचं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. बाईंनी आयुष्यभर वकिलांची आणि कचेऱ्यांची इंग्रजी पत्रं टाइप केलेली, त्यामुळे त्या माझ्या शेजारी बसून तक्रारी वाचून दाखवायच्या. "वस्तू सापडली न्हाई म्हणतंय. कोणती वस्तू ठेवल्ती तू?" मी नाव मोठ्या अक्षरानं ठेवलेलं असायचं आणि मागताना लहान अक्षरानं मागितलेलं असायचं. बाईंना ही शिस्त फार आवडली. टायपिंगमध्ये त्या हेच शिकवत होत्या.

पुढे मला एका बियाणे कंपनीत नोकरी लागली. कंपनीच्या शेतावर नव्या वाणांच्या चाचण्या व्हायच्या. त्यांचे आकडे कॉम्प्युटरवर भरायचे आणि साहेबांना द्यायचे, हे माझं काम. साहेब म्हणजे वाण तयार करणाऱ्या विभागाचे प्रमुख. परगावचे, मोठ्या विद्यापीठातले, इस्त्रीचा शर्ट आणि हळू आवाज. ऑफिसातला कॉम्प्युटर बहुतेक वेळ त्यांच्याकडे असे, म्हणून त्यांच्या परवानगीनं मी आकडे फ्लॉपीवर घेऊन बाईंच्या क्लासात भरत असे.

त्या वर्षी साहेबांचा सगळा जीव बाजरीच्या एका संकरित वाणात होता. तो पहिला येणार असं त्यांनी शेठजींना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, आधीच सांगून ठेवलं होतं. काढणी झाली, वजनं आली, मी भरली, साहेबांनी हिशेब केला आणि त्यांचा वाण मधेच कुठेतरी निघाला. आकड्यांत कशाचा कशाला मेळ नव्हता.

वार्षिक बैठकीत शेठजींनी कारण विचारलं. मी भिंतीला लागून फायली धरून उभा होतो. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. म्हणाले, "आकडे यानं भरलेत. याच्या घरात पेन पहिल्यांदा यानंच धरलंय. आपण अपेक्षा तरी किती ठेवायची?"

दोन-तीन जण हसले. कुणी हसलं नसतं तरी मला तेवढंच लागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून माझी बदली गोदामात झाली. पोती आली की मोजायची, गेली की मोजायची.

मी खोटं लिहीत नाही. त्या दिवसापासून मला न्याय वगैरे नको होता. मला त्या माणसाची मान खाली गेलेली बघायची होती, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर. पोत्यांवर खुणा करताना मी मनात तीच खोली मांडायचो. कोण कुठे बसलं होतं, चहा कुठे ठेवला होता, सगळं. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. त्यांचा अपमान त्यांना कळलाही नाही, त्यामुळे तो माझ्याकडे दुप्पट जमा झाला.

फ्लॉपी आणि वजनांचे कागद माझ्याकडेच राहिले होते, कुणी मागितले नव्हते. सुट्टीच्या दिवशी मी ते घेऊन बाईंकडे गेलो आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एका मुलीला बोटं नीट ठेवायला सांगितली, आणि म्हणाल्या, "मंग आधी तुझं तपास. तुझीच चूक निघाली तर तोंड कुठं नेशील?"

मी प्रत्येक आकडा वजनांच्या कागदाशी पडताळला. बाई कागद वाचत, मी पडद्यावर बघत असे. माझी एकही चूक निघाली नाही. मग आरमध्ये विश्लेषण लावलं तर उत्तर विचित्र आलं. सगळे वाण मिळून आरला एकच गोष्ट दिसत होती, जणू वाणाचा नंबर वाढला की उत्पन्न ठरावीक मापानं वाढायला हवं. मी दोन सुट्ट्या त्यात घालवल्या. शेवटी बाईंना समजावून सांगताना माझ्या तोंडून निघालं की वाणांना एक, दोन, तीन असे नंबर दिलेत, आणि हे त्यांना खरेच आकडे समजतंय.

बाई हसायला लागल्या. "म्हणजे माझ्या क्लासातल्या बारा नंबरच्या पोरीला सहा नंबरच्या पोरीच्या दुप्पट अक्कल, असं म्हणून राह्यलंय का ते?"

अगदी तसंच होतं. हे नंबर मोजमाप नाहीत, नावं आहेत, असं आरला एका शब्दात सांगावं लागतं. तो शब्द घातल्यावर तक्ता नीट आला. पण साहेबांचा वाण होता तिथेच, आणि आकड्यांचा गोंधळ होता तसाच.

मग मी शेताचा नकाशा काढायचं ठरवलं. प्रत्येक वाण शेतात ठिकठिकाणी छोट्या तुकड्यांत पेरलेला होता; प्रत्येक तुकड्यासाठी एक चौकोन. उत्पन्न जास्त तर चौकोन गडद, कमी तर फिका. आरनं तो काढला, पण आडवा पाडून. ओळी उभ्या आणि वर-खाली झालेल्या. त्याची ती रीतच आहे, हे मदतीच्या पानात लिहिलेलं होतं आणि बाईंनी ते मला शब्दकोश घेऊन वाचून दाखवलं. तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षी दुपारची वीज जायचीच. परत आली तेव्हा मी आकड्यांची मांडणी फिरवली आणि नकाशा सरळ केला.

सरळ केल्यावरही तो वेडावाकडाच दिसला. ते शेत मी पाहिलेलं होतं. त्याच्या एका बाजूला नाला आहे, तिकडे काळी खोल जमीन. दुसऱ्या बाजूला मुरूम वर आलेला. नाल्याकडचे सगळे चौकोन गडद दिसायला हवेत. माझ्या नकाशात पहिल्या ओळीचा गडद भाग नाल्याकडे, दुसरीचा मुरमाकडे, तिसरीचा पुन्हा नाल्याकडे. जमीन काही ओळीओळीला बाजू बदलत नाही. मला वाटलं, मी मांडणी फिरवताना चुकलो. पुन्हा केलं. तेच आलं.

मी खुर्चीत मागे टेकून बसलो आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शेतातली काढणी आली. बाया एका टोकापासून कापत जातात. पलीकडे पोचल्या की पुढची ओळ तिथूनच धरतात आणि कापत परत येतात. मोकळ्या हातानं अलीकडे येऊन पुन्हा त्याच टोकाला सुरुवात करणं, असं आमच्याकडे कुणी करत नाही. करायला सांगितलं तर हसतील. कापणी जशी गेली तशी वजनं झाली आणि तशीच उतरवली गेली. पण कोणत्या तुकड्यात कोणता वाण, याचा जो आराखडा साहेबांनी ऑफिसात बसून काढला होता, त्यात प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होत होती. तुकड्यांच्या खुंट्यांवर नंबर होते, पण तण काढायच्या कोळपणीत बहुतेक खुंट्या उखडल्या होत्या. दर दुसऱ्या ओळीत एका वाणाचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं. वजनं आराखड्याला क्रमानं जोड, हा हुकूम मला साहेबांनीच दिला होता.

मी पुढच्या आठवड्यात शेतावर जाऊन मुकादमाला विचारून घेतलं. तो म्हणाला, "मंग? दुसरं कसं कापतेत?"

मला इतका आनंद आयुष्यात क्वचित झाला आहे. काढणीला एकदाही न फिरकलेला माणूस माझ्या हातात सापडला होता. परत येऊन मी दर दुसरी ओळ उलटी केली. नकाशात नाल्याची बाजू वरपासून खालपर्यंत गडद झाली. मग जमिनीचा उतार हिशेबात धरून विश्लेषण पुन्हा लावलं.

साहेबांचा वाण पहिला आला. थोडक्यात नव्हे, चांगला उठून पहिला.

मी पडद्याकडे बघत राहिलो. चूक त्यांची होती, पण चूक दाखवली की वाण त्यांचा जिंकत होता. नाही दाखवली, तर येत्या बैठकीत तो वाण कंपनीच्या यादीतून कटणार होता आणि त्याच्याबरोबर साहेबही गेले असते, हे गोदामातल्या हमालांनाही ठाऊक होतं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

मी बाईंना म्हणालो, "राहू द्या बाई. जाऊ द्या त्याला."

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला वाटलं आता क्षमेवर काही ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "तो गेला तर जाताना काय म्हणत जाईल? त्या खेड्यातल्या पोरानं माझं वाटोळं केलं, असंच ना? ते तुझ्या नावावर कायमचं ऱ्हाईल."

"मंग काय करू? त्याला जिंकवू?"

"जिंकू दे. पण तुझ्या हातून जिंकू दे. आणि त्याला एकट्याला खोलीत नेऊन सांगू नको. सगळे बसल्यावर सांग."

मी बाईंकडे पाहिलं. त्या गंभीर होत्या. माझ्यापेक्षा त्यांना हे चांगलं समजत होतं. नंतर कुणीतरी सांगितलं, की ज्या कचेरीत त्या तरुणपणी टायपिस्ट होत्या तिथल्या अधिकाऱ्यानं स्वतःची चूक त्यांच्या माथी मारून त्यांना काढलं होतं. त्यांनी स्वतः हे मला कधी सांगितलं नाही.

शेठजी गोदामात आले तेव्हा मी त्यांना थांबवून बैठकीत थोडा वेळ मागितला. बाजरीच्या गडबडीचं कारण सापडलंय, एवढंच म्हणालो. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "ये. पण जल्दी आटप."

बैठकीत मी बाईंच्या प्रिंटरवर काढलेले दोन कागद टेबलावर ठेवले. एक उलट्यासुलट्या ओळींचा, एक सरळ. नाला कुठे, मुरूम कुठे, बाया कशा कापतात, सगळं सांगितलं. सगळे शेती जाणणारे होते, लगेच समजले. शेठजींनी साहेबांना विचारलं, "आराखडा कोणी काढल्ता?"

"मी."

"काढणीला गेल्ते?"

साहेब म्हणाले, ते त्या आठवड्यात हैदराबादला होते. खोलीतले सगळे साहेबांकडेच बघत होते. मी ते पोटभर पाहिलं. मग तिसरा कागद काढला, शेवटच्या विश्लेषणाचा, आणि सांगितलं की वाण साहेबांचाच पहिला आहे. साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आता आपल्याला कुणाचे आभार मानावे लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

ते बसल्या जागेवरून म्हणाले, "गुड वर्क. सॉरी फॉर द ट्रबल."

मी म्हणालो, "साहेब, मागच्या वेळी माझ्या घराबद्दल तुम्ही मराठीत बोलले होते."

साहेबांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजी कागदावरचा नाला बघत होते. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुझ्या घराबद्दल बोललो ते चुकीचं होतं. मी माफी मागतो." त्यांच्या आवाजात राग होता. चालेल. मला प्रेम नको होतं.

गोदामातून मी परत आकड्यांवर आलो आणि काही वर्षांनी औरंगाबादला मोठ्या कामावर गेलो. बाई क्लास बंद करून पुण्याला मुलीकडे राहायला गेल्या. तिकडे मी त्यांना पाठवलेलं पत्र असं:

आदरणीय बाई,

पाया पडतो. तुमच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. मोठी मुलगी शाळेत जाते, धाकटी अजून घरीच गोंधळ घालते.

कळवण्यासारखी गोष्ट अशी, की परवा साहेबांचा मेल आला. ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत आणि स्वतः आर शिकतायत. त्यांना वर्षभराच्या विक्रीचा आलेख काढायचा आहे, पण महिने क्रमानं येत नाहीत. एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, मग डिसेंबर. बरेच दिवस झटून पाहिलं, काही सुचव, असं लिहिलंय. खाली "तुझा शुभचिंतक" असंही आहे.

आर महिन्यांची इंग्रजी नावं ए, बी, सी, डीच्या क्रमानं लावतं, त्याला क्रम आपण सांगायचा असतो. एका ओळीचं काम आहे. मला पाठ आहे. मी मेल वाचला आणि तसाच ठेवला आहे.

तुम्ही म्हणाल, सांगून टाक, तुझं काय जातं? माझं काही जात नाही, हे मलाही माहीत आहे. वाण त्यांचा होता, तो मी त्यांना दिला, कारण तो आकड्यांत होता आणि तुम्ही तसं सांगितलं. ही ओळ माझी आहे. ती मी देणार नाही. त्यांना महिने एप्रिलपासून ऑगस्टकडे जाताना बघू देत.

तुमच्या भाच्याला किंवा नातवाला कधी आरमध्ये काही अडलं तर मला लगेच फोन करायला सांगा. कितीही वेळ लागला तरी मी बसेन. दिवाळीत तुम्हाला भेटायला येतो आहे, तेव्हा यावर मला रागवायचं असेल तर रागवा.

तुमचा विद्यार्थी